काचेवरचं वाक्य

"मावशी, गेले दोन आठवडे मी एकच वाक्य लिहितेय आणि ते अजून झालेलं नाही," भाची फोनवर म्हणाली. ती लेखिका नाही. बहारीनमध्ये सीफला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत ती नोकरी करते. माझा जन्म वाक्यं लिहिण्यात गेला, पण एका वाक्याला दोन आठवडे मी क्वचितच दिले असतील. म्हणून जानेवारीत तिच्याकडे गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हटलं, मला तुझं ते वाक्य बघायचंय.

सीफ म्हणजे अरबीत किनारा. आता तिथे किनारा शोधावा लागतो, कारण टॉवर आणि मॉल उभे आहेत ती बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली आहे. सीफ मॉल १९९७ साली उघडला, सिटी सेंटर २००८ साली. भाचीचं ऑफिस अशाच एका टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर. मीटिंगच्या खोलीची एक भिंत पूर्ण काचेची, तिच्यावर रंगीत चिठ्ठ्या आणि मधोमध काळ्या मार्करने लिहिलेलं ते वाक्य. दोन ठिकाणी खोडलेलं.

कंपनीला एक ॲप करायचंय. इमारतींच्या सफाईची, देखभालीची कंत्राटं घेणाऱ्यांसाठी हजेरीचा आणि ओव्हरटाइमचा हिशेब ठेवणारं. अजून एकही पडदा तयार झालेला नाही. लोकांना काय हवंय ते ऐकायचं आणि त्यातून काय बनवायचं ते ठरवायचं, असा हा टप्पा. मुलाखती घ्यायच्या, रेकॉर्डिंग ऐकून त्यातली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवायची, सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावायच्या, क्रम द्यायचा; रोजचं काम एवढंच दिसतं.

एका कंत्राटदाराच्या मुलाखतीला मी कोपऱ्यात बसले होते. तो म्हणाला, "माझा प्रत्येक माणूस कुठे आहे ते मला फोनवर दिसलं पाहिजे." मला वाटलं, झालं, हे लिहून घ्यायचं. भाचीने विचारलं, "ते दिसलं की काय होईल?" गैरहजर कोण ते कळेल. "आणि ते कळलं की?" तो जरा वैतागला, मग खुर्चीत मागे रेलला. महिन्याच्या शेवटी इमारतवाले म्हणतात, तुमची माणसं कमी होती, आणि बिल कापतात. त्याच्याकडे पुढे ठेवायला काही नसतं. भाचीने तेव्हा पेन उचललं. माणूस कुठे आहे हे बघण्याची त्याला हौस नव्हती, त्याला पुरावा हवा होता.

अशा तीस मुलाखती घ्यायच्या असं ठरलं होतं. तीसच का, तर त्याला आधार आहे. ॲबी ग्रिफिन आणि जॉन हाउसर या दोन अभ्यासकांनी १९९३ साली दाखवून दिलं की एकेका ग्राहकाशी नीट बोललं तर वीस ते तीस मुलाखतींत सुमारे नव्वद टक्के गरजा हाती लागतात. ऑफिसात हा आकडा सगळ्यांच्या तोंडी. तीस झाले की पुढे जाऊ. तीसमध्ये येईलच ते. मी चिठ्ठ्यांचे कोपरे वाचत गेले. कुणाची मुलाखत ते तिथे बारीक लिहिलेलं असतं. तीसमध्ये कामगार सहा होते. बाकी सगळे कंत्राटदार, त्यांचे सुपरवायझर आणि इमारतींचे मॅनेजर. सहाही कामगारांच्या चिठ्ठ्यांवर जवळपास एकच मजकूर होता: ॲप चांगलं होईल, मॅडम.

ही गोष्ट भाचीलाही खुपत होती. म्हणून एका रविवारी, तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आम्ही पहाटे पाचला त्याच टॉवरच्या तळघरात, कामगारांच्या लॉकरच्या खोलीत गेलो. रीतसर परवानगी काढून. त्या सहांपैकी एक गृहस्थ तिथे भेटले. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादकडचे, मराठी आणि तेलुगू दोन्ही सारखंच बोलणारे, अकरा वर्षं बहारीनमध्ये. माझी मराठी ऐकून ते "अक्का" म्हणाले आणि बाकावर जागा करून दिली. मग त्यांनी गणवेश चढवला, खिशातून फोन काढला, बंद केला आणि लॉकरमध्ये ठेवून कुलूप लावलं. शेजारच्यानेही तेच केलं. त्याच्या शेजारच्यानेही. कामावर फोन न्यायचा नाही असा त्यांना नियम आहे.

भाची माझ्याकडे बघत राहिली. तीस मुलाखतींत फोनवरून हजेरी, फोनवर नकाशा, फोनवर सूचना असं सगळं आलं होतं. फोन लॉकरमध्ये असतो हे कुणीच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आणि कामगारांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. रोज पहाटे करायची गोष्ट, तिच्यात सांगायचं काय?

फोन ठेवलेल्या कप्प्यातून त्यांनी एक वही काढली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, शंभर पानी, शाळेतल्या मुलाची असते तशी. पिशवी उघडली तसा फिनेलचा वास आला. तो वास त्या वहीच्या पानापानात आहे. मुंबईत घरी लादी पुसली जाते तेव्हा मला अजून ती वही आठवते. एका ओळीत एक दिवस. तारीख, आत, बाहेर आणि शेवटी "ज" म्हणजे जादा. "५ ते २, ज १." अकरा वर्षांच्या अशा किती वह्या झाल्या असतील ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "आकडा त्यांच्याकडं एक अन् माझ्याकडं एक. महिनाअखेरीला जुळला तर बरं. नाही जुळला तर त्यांचा खरा."

बहारीनचा कामगार कायदा, २०१२ चा ३६ क्रमांकाचा, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालतो. त्यापुढच्या तासाला दिवसा निदान २५ टक्के आणि रात्री निदान ५० टक्के जादा द्यावे लागतात. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत लागू झाली, त्यामुळे पैसे किती आले याची नोंद राहते. ते किती तासांचे आले, हे मात्र बँकेला माहीत नसतं. ते त्या वहीला माहीत असतं.

वर आल्यावर भाचीने काचेवर घराच्या आकाराचा मोठा तक्ता काढला. ही रीत जपानची. योजी अकाओ यांच्या विचारातून आलेली आणि १९७२ साली कोबेच्या मित्सुबिशी जहाजबांधणी कारखान्यात तक्त्याच्या रूपात वापरलेली. डावीकडे ग्राहकाच्या गरजा त्याच्याच शब्दांत, वर मोजता येतील असे तांत्रिक गुण, मधल्या चौकटींत कुणाचा कुणाशी किती संबंध, आणि छपरात कोणता गुण कोणत्या गुणाच्या आड येतो ते. डावीकडच्या रकान्यात तिने पहिल्यांदाच लिहिलं: "माझ्याकडचा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळला पाहिजे."

त्या एका ओळीने वरचे रकाने बदलत गेले. एक उदाहरण सांगते. बहारीनचा दिनार १९६५ साली गल्फ रुपयाच्या जागी आला, दहा रुपयांना एक दिनार. त्याचे हजार फिल्स होतात, म्हणजे दशांश चिन्हापुढे तीन अंक. आपल्या रुपया-पैशांच्या हिशेबाला सरावलेलं सॉफ्टवेअर दोनच अंक धरतं. समजा महिना १०० दिनार, २६ दिवस, रोज आठ तास. तासाचे ०.४८१ दिनार, दिवसाच्या जादा तासाचे ०.६०१. दोन अंकांत मांडलं की राहतात ०.६०. तासाला एक फिल्स गेला. महिन्याला साठ तास जादा केले तर साठ फिल्स. रक्कम क्षुल्लक आहे, पण वहीशी आकडा जुळणार नाही. आणि न जुळलेल्या आकड्यावरून कामगाराचा विश्वास उडतो, मग ॲप कितीही देखणं असो. "तिसरा अंक" ही ओळ त्या दिवशी तक्त्यात गेली.

मी उत्साहाने म्हटलं, लॉकरच्या खोलीच्या दारात एक टॅब लावा, कार्ड टेकवलं की तास मोठ्या अंकांत दिसतील. भाची हसून म्हणाली, "मावशी, हे उत्तर झालं. वाक्यात उत्तर लिहायचं नाही, नाहीतर दुसरं चांगलं उत्तर सुचायची वाटच बंद होते. गरज काय तेवढंच लिहायचं." तेव्हा मला दोन आठवड्यांचा अर्थ लागला. गरज तिच्यातलं काही न सांडता लिहायची आणि तिच्यात आपलं काही न मिसळता लिहायची, हे अवघड लेखन आहे.

गुरुवारी मीटिंग झाली. मुद्दा सरळ मांडला गेला: पैसे कंत्राटदार देणार आहे, तेव्हा पहिल्या आवृत्तीत त्याचाच पडदा असू दे, कामगाराचं पुढच्या आवृत्तीत बघू. तीसपैकी सहाच जण कामगार आहेत, हेही कुणीतरी म्हणालं. तोच तीसचा आकडा. भाचीचं म्हणणं होतं की कंत्राटदारालाही पुरावाच हवा आहे, आणि एकालाच दिसणारी, एकालाच बदलता येणारी नोंद इमारतवाल्यापुढे पुरावा म्हणून टिकत नाही. कामगाराने रोज पाहिलेली नोंद टिकते. तळघरात जाऊन आल्यावर मला तिचंच म्हणणं बरोबर वाटलं, अजूनही वाटतं. कामगाराचा पडदा पुढे ढकलला तर कंत्राटदाराच्या हाती नवी, महागडी हजेरी येईल आणि लॉकरमधली वही होती तिथेच राहील.

मी निघाले त्या दिवशी काचेवर वाक्य असं होतं: "प्रत्येक पाळीचे तास एकदाच नोंदले जातात, (दोघांनाही) सारखेच दिसतात, आणि कुणा एकाला ते परस्पर बदलता येत नाहीत." "दोघांनाही" कंसात होतं, कारण निर्णय व्हायचा होता. पुण्यात, बंगळुरात, सीफमध्ये हे काम करणारी कितीतरी मराठी मुलं-मुली हा लेख वाचतील. तुमच्या काचेवरही असा एखादा कंस असेल. तो काढण्याआधी एकदा पहाटे पाचला तळघरात जाऊन या.