बिडाचा स्वभाव
जुन्या गाड्यांची दुरुस्ती : लेखांक 11

सिलिंडरमध्ये लाइनर, म्हणजे बोअरच्या आतली नवी नळी, कसा बसवायचा ते आज सांगणार होतो. ते पुढच्या रविवारी. सांगलीच्या गावभागातून एका वाचकाचं पत्र आलंय, आणि ते निकालात काढल्याशिवाय लाइनरला हात घालण्यात अर्थ नाही.

त्यांची येझदी मोटरसायकल 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात बुडाली. आयर्विन पुलापाशी कृष्णा तेव्हा 57 फुटांच्या वर गेली होती. घर सावरण्याच्या गडबडीत गाडीकडे कोण बघणार? ती तशीच राहिली आणि पिस्टन गंजून बोअरमध्ये घट्ट बसला. यंदा सिलिंडर काढताना कुणीतरी फिनांच्या खाली मोठा स्क्रूड्रायव्हर घालून जोर लावला. एका फिनचा तुकडा उडाला आणि चीर खाली उतरली. ते विचारतात, ‘‘वेल्डिंग मारून घेऊ का?’’

साध्या रॉडनं तर अजिबात नको. सिलिंडर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो; कारण समजून घ्यायचं तर आधी त्याच बिडाच्या नांगराकडे जायला हवं, आणि नांगर म्हटलं की मला राहवत नाही.

बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा गिऱ्हाईक मिळायला फार वाट बघावी लागली. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना हलवला, तीच आजची किर्लोस्करवाडी. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपरांनी नांगराचा कारखाना काढला. 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले प्रधानमंत्री झाले ते हेच कूपर. म्हणजे बीड वितळवून साच्यात ओतायचं कसब सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शंभर वर्षांपासून मुरलेलं आहे. जुनं इंजिन दुरुस्त करायला आपल्यासारखा मुलूख नाही असं मी म्हणतो ते याच जोरावर.

आता बिडाकडे. त्यात साधारण तीन टक्क्यांच्या वर कार्बन असतो; साध्या पोलादात पाव टक्क्याच्या आसपास. हा जास्तीचा कार्बन ग्रॅफाइट होऊन पातळ पोह्यांसारख्या पापुद्र्यांनी लोखंडात पसरलेला असतो. त्यामुळेच बीड सिलिंडरला उत्तम: ग्रॅफाइट थोडं तेल धरून ठेवतं आणि पिस्टन सुखानं घसरतो. पण चीर त्याच पापुद्र्यांच्या वाटेनं पळते. बीड दाब कितीही सोसेल, ताण मात्र सोसत नाही.

तेच बीड वितळल्यावर एकदम थंड झालं तर कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावून पांढरं, काचेसारखं कडक बीड तयार होतं. ओतशाळेत हे मुद्दाम करतात. नांगराच्या फाळाची धार लवकर झिजू नये म्हणून साच्यात त्या जागी लोखंडी तुकडा ठेवतात, रस त्याला टेकला की लगेच निवतो आणि धार टणक होते. फाळाला जे हवं, तेच सिलिंडरला मारक. वेल्डिंगचा ठिपका पडला की भोवतीचं थंड बीड त्याची उष्णता ओढून घेतं आणि सांध्याच्या कडेला ते पांढरं बीड बनतं. निवताना वेल्ड आकसतो, शेजारच्या बिडाला ओढतो, आणि ताणता न येणारं बीड ‘टिच्’ करून तडकतं. जुनी चीर बुजली, पण नवी तिच्या शेजारीच पडली.

मिरजेत एका गॅस वेल्डरनं असा ‘दुरुस्त’ केलेला सिलिंडर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘‘कानस मारून बघा.’’ वेल्डच्या कडेवर कानस नुसतीच सरकली, चुराही पडला नाही. मग त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. आधी सिलिंडर ज्योतीनं सावकाश तापवत राहिला, धूर थांबेपर्यंत. हा धूर ग्रॅफाइटमध्ये वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलाचा. तो निघाल्याशिवाय कुठलाही सांधा धरत नाही. मग पितळी रॉडनं फिनचा तुकडा सांधला. इथं बीड वितळतच नाही, फक्त लाल होतं, म्हणून पांढरं बीड बनायचा धोका फार कमी. शेवटी सिलिंडर कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवला. ही राखेची रात्र वगळली तर वरची सगळी मेहनत फुकट.

निकेल रॉडनं इलेक्ट्रिक वेल्डिंगही होतं. रॉड महाग आहे आणि धीर लागतो: एक इंचच ओढायचं, गरम असतानाच हातोडीनं हलकं ठोकायचं म्हणजे ताण उतरतो, हात लावता येईल इतकं निवलं की पुढचा इंच. पण भोवतालचं सगळं तेल निघालंय की नाही हे इथंही आधी बघायचं.

पत्र लिहिणाऱ्यांना मात्र मी आधी एवढंच सांगेन: चीर कुठवर गेलीय ते बघा. सिलिंडर धुऊन कोरडा करा, रॉकेल फासा, अर्धा तास थांबा, लख्ख पुसा आणि स्पिरिटमध्ये कालवलेला खडू लावा. आत मुरलेलं रॉकेल झिरपून चिरेची रेघ खडूवर उमटेल. रेघ फिनमध्येच संपत असेल तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडा, चीर तिथंच थांबते. तुकडा सांधलात तर दिसायला बरं, नाही सांधलात तरी गाडी चालेल. बुंध्यातून बोअरपर्यंत गेली असेल तर कॉम्प्रेशन जाणार. खालच्या फ्लँजकडे गेली असेल तर ती सगळ्यात वाईट. तुमच्या येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखाली, क्रँककेसमध्येही मिश्रण दाबलं जातं. तिथून बाहेरची हवा आत ओढली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पुन्हा चिकटतो.

बोअरपर्यंतची चीर लाइनरनं आतून झाकता येते, फ्लँजची येत नाही. तेव्हा खडूवरची रेघ कुठं थांबली ते कळवा, पुढच्या रविवारी त्याप्रमाणे लाइनर घेऊ.