विमान कंपनीकडील येणे

व्यापारी घरात पैशाची नोंद सहसा चुकत नाही. दलाली, वटाव, हमाली, घट, सारे काही वहीत उतरते. त्याच घरातील माणसे वर्षातून आठ-दहा वेळा विमानाने जातात. खरेदीसाठी कोलकात्याला, प्रदर्शनासाठी दुबईला, लग्नकार्यासाठी बेंगळुरूला, मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला. या प्रत्येक प्रवासातून विमान कंपनीकडे एक छोटे येणे निर्माण होऊ शकते. ते मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळाले तरी बहुतेक घरांत त्याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. ‘माइल्स’ किंवा ‘पॉइंट्स’ म्हणून ओळखले जाणारे हे येणे नीट समजून घेतल्यास वर्षाकाठी एखाद-दुसरे तिकीट सहज निघते. न समजता त्याच्या मागे लागल्यास मात्र घरातून जास्तीचा पैसा जातो.

या प्रथेचा जन्म अमेरिकेतला. तेथे १९७८ साली विमानसेवेवरील सरकारी नियंत्रणे उठली आणि भाड्यांची चढाओढ सुरू झाली. गिऱ्हाईक टिकवून धरण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘ॲडव्हान्टेज’ ही योजना आणली. काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सने तिचे अनुकरण केले. यामागचा हिशेब कोणत्याही दुकानदाराला उमजेल असा आहे. विमानातील खुर्ची हा नाशवंत माल. विमान उडाले की न विकलेल्या खुर्चीची किंमत शून्य. अशी खुर्ची जुन्या गिऱ्हाइकाला दिल्याने कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही आणि गिऱ्हाईक बांधले जाते.

पुढे बँकांनी आपल्या कार्डधारकांना देण्यासाठी विमान कंपन्यांकडून माइल्स घाऊक भावाने विकत घेण्यास सुरुवात केली आणि ही योजना स्वतंत्र धंदाच बनली. कोविडच्या काळात विमाने जमिनीवर उभी असताना, २०२० साली, युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभारले. ज्या वस्तूवर सावकार एवढी रक्कम देतो ती वस्तू फुकटची भेट नसते, हे येथे लक्षात घ्यावे.

येण्याचे स्वरूप

हिशेबाच्या भाषेत न वापरलेले माइल्स हे कंपनीचे देणे असते आणि तिच्या ताळेबंदात ते देण्याच्या बाजूला दिसते. पण हे देणे बँकेतील ठेवीसारखे नाही. त्यावर व्याज नाही, विमा नाही, आणि त्याचा भाव ठरवण्याचा अधिकार देणेकऱ्याच्याच हाती आहे. आज दहा हजार माइल्सना मिळणारे तिकीट उद्या तेरा हजारांना झाले, तर सदस्याला तक्रारीला जागा नसते. अर्ज भरताना त्याने ती अट मान्य केलेली असते.

भारतातील अनुभव याबाबत बोलका आहे. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या सदस्यांनी साठवलेले पॉइंट्स कागदावरच राहिले. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. तिची योजना वेगळ्या कंपनीच्या ताब्यात असल्याने सदस्यांचे माइल्स वाचले आणि ती योजना ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने पुढे चालू झाली, परंतु ज्या विमानांसाठी ते जमवले होते ती विमानेच उरली नाहीत. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सदस्यांचे पॉइंट्स एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. तीन कंपन्या, तीन निकाल. या तिन्हींतून धडा मात्र एकच निघतो: माइल्स साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. माल आला की वेळेत खपवावा, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडतो.

सुरुवात कशी करावी

प्रथम कुटुंबाचा प्रवास कोणत्या मार्गांवर होतो ते पाहावे. पाच ठिकाणी थोडे थोडे माइल्स जमण्यापेक्षा एक-दोन ठिकाणी उपयोगी पडतील एवढे जमणे हिताचे. देशांतर्गत प्रवास अधिक असणाऱ्या घराला इंडिगोची २०२४ साली सुरू झालेली ‘ब्लूचिप’ योजना सोयीची ठरू शकते. परदेशी जाणे-येणे असणाऱ्यांनी विमान कंपन्यांचे संघ समजून घ्यावेत. एअर इंडिया २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या संघात आहे. लुफ्थान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश एअरलाइन्स या कंपन्याही त्याच संघात आहेत. त्यामुळे मुलाकडे शिकागोला युनायटेडने गेलेल्या वडिलांचे माइल्स एअर इंडियाच्या खात्यात जमा होऊ शकतात. कतार एअरवेज व ब्रिटिश एअरवेज ‘वनवर्ल्ड’ या दुसऱ्या संघात आहेत, तर एमिरेट्स कोणत्याच संघात नाही. संघातील दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त तिकिटांवर कधी अगदी कमी माइल्स मिळतात, कधी मिळतही नाहीत. तिकीट घेण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.

सदस्यत्व विनामूल्य असते. माइल्स तिकिटाचे पैसे भरणाऱ्याला मिळत नसून प्रवास करणाऱ्याला मिळतात. म्हणून घरातील प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडावे. खात्यावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळावे. एका कागदावर ‘शहा’, दुसऱ्यावर ‘शाह’ आणि वडिलांचे नाव कधी आहे, कधी नाही, अशी स्थिती असेल तर माइल्स अडकतात. पेढीच्या कामाचे तिकीट काढताना जीएसटी क्रमांक आणि प्रवाशाचा सदस्य क्रमांक असे दोन्ही नोंदवावेत. माइल्स जमा झाल्याची खात्री होईपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावा. राहून गेलेले माइल्स ठरावीक मुदतीत मागता येतात. काही योजनांत कुटुंबीयांचे माइल्स एकत्र करण्याची सोय असते, तिचा लाभ घ्यावा.

खात्यात दोन रकाने दिसतात, त्यांची गल्लत करू नये. एक रकाना तिकिटासाठी खर्च करण्याच्या माइल्सचा. दुसरा सिल्व्हर, गोल्ड अशा दर्जासाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांचा. दुसऱ्या रकान्यातून तिकीट मिळत नाही. जास्तीचे सामान, रांगेत अग्रक्रम, विमानतळावरील विश्रांतिकक्ष अशा सवलती मिळतात. शिवाय पूर्वी माइल्स अंतरावर मिळत, आता अनेक कंपन्या ते भरलेल्या भाड्यावर देतात. डेल्टा व युनायटेड यांनी २०१५ साली हा बदल केला, एअर इंडियाने २०२४ साली. त्यामुळे केवळ माइल्ससाठी लांबचा फेरा घेण्यात आता काही अर्थ राहिलेला नाही.

कार्डाचा हिशेब

माइल्स मिळवण्याचा दुसरा मार्ग क्रेडिट कार्डाचा, आणि खरा धोका येथेच आहे. एखाद्या कार्डावर शंभर रुपयांच्या खर्चाला दोन माइल्स मिळतात आणि एका माइलची किंमत पाऊण रुपया आहे, असे उदाहरणादाखल धरू. एक लाखाच्या खर्चावर २,००० माइल्स, म्हणजे १,५०० रुपयांचा लाभ झाला. आता ते बिल महिनाभर थकले, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये, एकूण ४,१३० रुपये द्यावे लागतात. एका महिन्याच्या दिरंगाईने पावणेतीन महिन्यांची कमाई गेली. कार्डाचे पूर्ण बिल मुदतीत भरण्याची शिस्त ज्या घरात नाही, त्या घराने माइल्सच्या वाटेला जाऊच नये.

काही दुकानदार आपलेच कार्ड आपल्याच दुकानातील स्वाइप मशीनवर फिरवून माइल्स मिळवू पाहतात. दोन टक्के कटौती धरली तरी लाखामागे २,००० रुपये बँकेकडे जातात आणि हाती १,५०० रुपयांचे माइल्स येतात. तोटा तर होतोच, शिवाय विक्री झालेलीच नसताना तशी नोंद होते. बँकेच्या करारात असा व्यवहार बसत नाही. तो उघडकीस आला की कार्ड व मशीन दोन्ही बंद होऊ शकतात. इंधन, घरभाडे, विमा, सरकारी कर यांसारख्या खर्चांवर अनेक कार्डे माइल्स देत नाहीत किंवा त्यांना मर्यादा घालतात. कार्डावरील पॉइंट्स एकदा विमान कंपनीकडे वळवले की सहसा परत येत नाहीत; म्हणून तिकीट उपलब्ध असल्याची खात्री झाल्यावरच ते वळवावेत.

माइलचा भाव

खर्च करण्यापूर्वी दर वेळी भाव काढावा. रोखीने ९,००० रुपयांचे तिकीट १०,००० माइल्स आणि करापोटी १,५०० रुपये भरून मिळत असेल, तर ७,५०० रुपये वाचले. एका माइलला ७५ पैसे भाव आला. तेच माइल्स देऊन वस्तूंच्या यादीतील मिक्सर घेतला आणि ३,००० रुपयांच्या मिक्सरला १२,००० माइल्स लागले, तर भाव २५ पैसे. तिकिटाखेरीज अन्यत्र माइल्स खर्चणे बहुधा तोट्याचे असते, ते यामुळे.

मोठ्या तिकिटाचा हिशेब जरा फसवा असतो. तीन लाखांचे बिझनेस क्लासचे तिकीट एक लाख माइल्स आणि ३०,००० रुपयांत मिळाले, की माइलला २ रुपये ७० पैसे भाव मिळाल्याचा आनंद होतो. परंतु त्या कुटुंबाने रोख पैसे देऊन तीन लाखांचे तिकीट कधीच काढले नसते. एक लाखाच्या साध्या तिकिटानेच ते गेले असते. मग खरी बचत ७०,००० रुपयांची आणि भाव ७० पैशांचा. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आईला सोळा तास आडवे होऊन जाता यावे म्हणून असे तिकीट काढणे योग्यच आहे. फक्त तो खर्च आहे, कमाई नव्हे, ही जाण ठेवावी.

माइल्सवरील स्वस्त तिकिटांची संख्या मर्यादित असते. दिवाळी, मे महिना व नाताळ या दिवसांसाठी कित्येक महिने आधी पाहणी करावी लागते. अशा तिकिटावरही जैन भोजन मिळू शकते. बहुतेक मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांकडे त्यासाठी ‘व्हीजेएमएल’ हा संकेत आहे. मात्र दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचे असल्यास प्रत्यक्ष उड्डाण करणाऱ्या कंपनीकडे ती मागणी पोहोचली आहे का, याची उड्डाणापूर्वी किमान एक-दोन दिवस खात्री करून घ्यावी.

माइल्स कोणाचे?

जर्मनीतील काही संसद सदस्यांनी सरकारी प्रवासावर मिळालेले माइल्स खासगी प्रवासासाठी वापरल्याचे २००२ साली उघड झाले. ग्रेगोर गिझी यांनी बर्लिन राज्यातील मंत्रिपद सोडले, जेम ओझ्देमिर यांनी पक्षाच्या प्रवक्तेपदाचा राजीनामा दिला. रक्कम मोठी नव्हती. प्रश्न मालकीचा होता.

हाच प्रश्न एकत्र कुटुंबाच्या पेढीत न बोलता उभा असतो. पेढीची खरेदी एका भावाच्या कार्डावर होते, बिल पेढी भरते आणि माइल्स त्या भावाच्या नावावर जमतात. सुट्टीत त्याचे बायको-मुलांसह सिंगापूरला जाणे होते. ‘तिकिटे फुकट होती’ असे तो म्हणतो आणि ते खोटेही नसते. पण दुसऱ्या भावाच्या घरात ते वाक्य वेगळे ऐकू जाते. कोणी काही बोलत नाही आणि म्हणूनच ते साचत जाते. यावर उपाय सोपा आहे. पेढीच्या खर्चावर जमलेले माइल्स पेढीचे मानावेत, वर्षअखेरीस त्यांचा आकडा सर्व भागीदारांसमोर ठेवावा, आणि ते आधी पेढीच्या प्रवासाला व उरले तर भागीदारीच्या प्रमाणात वापरावेत. कामासाठी प्रवास करणाऱ्या नोकरदारांच्या माइल्सबाबतही पेढीने आपला नियम आधीच सांगून ठेवावा. बहुतेक ठिकाणी ते प्रवास करणाऱ्याकडेच राहू देतात, आणि त्यात त्याच्या दगदगीची कदर आहे.

मुदत आणि वारसा

प्रत्येक योजनेची मुदत वेगळी असते. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स साधारण तीन वर्षांत संपतात. युनायटेडने २०१९ पासून मुदतच काढून टाकली आहे. म्हणून एका वहीत प्रत्येकाचा सदस्य क्रमांक, शिल्लक आणि मुदतीची तारीख लिहून ती दर तिमाहीस पाहावी. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नये.

वडीलधाऱ्यांच्या खात्याकडे विशेष लक्ष द्यावे. बँकेच्या ठेवीला असते तसे नामनिर्देशन येथे सहसा नसते. अनेक योजनांच्या अटींनुसार माइल्स ही सदस्याची मालमत्ताच मानली जात नाही. सदस्याच्या निधनानंतर ते रद्द होतात किंवा कंपनीच्या मर्जीवर वारसांकडे जातात. आयुष्यभर पेढीसाठी फिरलेल्या आजोबांच्या खात्यात दोन लाख माइल्स पडून असतील, तर त्यांच्यासाठी योग्य दिवसाची वाट पाहत बसू नये. तब्येत साथ देते आहे तोवर नातवाच्या पदवीदान समारंभाचे किंवा मनात असलेल्या यात्रेचे तिकीट त्यातून काढावे, आणि सोबत जाणाऱ्याचेही त्याच खात्यातून निघते का, ते पाहावे.