मेलेल्या लाकडावरची इवलीशी बुरशी ओळखताना

श्रावणात विदर्भातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पडलेला एखादा ओंडका दिसला, तर खाली बसून भिंगातून जरूर पाहा. पांढरट, केसाळ, नखाएवढे देठ नसलेले पंखे दिसले तर ते उलटे करावेत. खालचे पातळ पडदे कडेला उभे चिरलेले असतील, तर ही स्किझोफायलम कम्यून. कोरड्या हवेत ते पडदे आत वळून मिटतात आणि पाऊस पडताच पुन्हा उघडतात. म्हणूनच विदर्भाच्या उन्हाळ्यातही ती तग धरते. मला या चिवटपणाचं फार अप्रूप वाटतं.

कोळशासारखा काळा, कडक गोळा आडवा कापल्यावर आत वर्तुळं दिसली, तर ती डाल्डिनिया. चॉकलेटी तुऱ्यांचा झुपका मात्र बुरशी नसून स्टेमोनायटिस हा श्लेष्मकवक (स्लाइम मोल्ड) असू शकतो.

फोटो काढताना वरची बाजू, खालची बाजू आणि लाकूड सागाचं की सालईचं, हे तिन्ही टिपावं. नुसत्या वरच्या फोटोवरून नाव सांगणं धोक्याचं. प्रजातीपर्यंत जायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावे लागतात, कधी डीएनएही तपासावा लागतो. अशा कामासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे.