भट्टीतला तराजू काय सांगतो?

मित्रांनो, एखादा पदार्थ तापवत गेलं तर त्याचं विघटन नेमकं किती तापमानाला सुरू होतं? वायरचं प्लास्टिक आवरण निवडणाऱ्या इंजिनिअरला हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचं उत्तर शोधणारं यंत्र म्हणजे थर्मोबॅलन्स, अर्थात भट्टी आणि तराजू यांची जोडगोळी! जपानच्या कोतारो होंडा यांनी १९१५ मध्ये हे नाव देऊन असं उपकरण मांडलं.

यात साधारण १० मिलिग्रॅम नमुना एका चिमुकल्या वाटीत ठेवतात. वाटी तराजूला जोडलेली आणि भोवती भट्टी. आतून बहुधा नायट्रोजन वाहत असतो. समजा, तापमान मिनिटाला १० अंशांनी वाढवायचं आहे. संगणक थर्मोकपलचं तापमान वाचतो, ठरलेल्या तापमानाशी ताडून पाहतो आणि फरकानुसार हीटरची पॉवर कमी-जास्त करतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरातला पीआयडी तो हाच! सोबत वजनाचा आलेख उमटत जातो.

कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचा आलेख अगदी पायऱ्यांसारखा दिसतो. आधी पाणी जातं (१२.३ टक्के घट), मग कार्बन मोनॉक्साइड (१९.२ टक्के), शेवटी कार्बन डायऑक्साइड (३०.१ टक्के). मागे उरतो चुना. रेणुभारावरून हे आकडे तुम्ही स्वतः काढून बघा. म्हणूनच यंत्र तपासायला हा पदार्थ वापरतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. तोच नमुना मिनिटाला २० अंशांनी तापवला, तर पायऱ्या तेवढ्याच उंचीच्या येतात, पण जास्त तापमानाकडे सरकतात. कारण उष्णता आतपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि विघटनालाही वेळ लागतो. शिवाय संगणक सांभाळतो ते थर्मोकपलचं तापमान. नमुना त्याच्या मागेच रेंगाळत असू शकतो. वायूचाही परिणाम होतो: चुनखडी नायट्रोजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडमध्ये उशिरा फुटते.

म्हणजे 'विघटनाचं तापमान' हा वितळणबिंदूसारखा पदार्थाचा पक्का आकडा नव्हे. त्यात प्रयोगाच्या अटीही मिसळलेल्या असतात. दोन कंपन्यांच्या प्लास्टिकचे आकडे शेजारी ठेवलेत आणि एकीने नमुना भराभर तापवलेला असेल, तर तिचा माल उगाचच सरस वाटेल. चुकीची वायर निवडली, तर त्याची किंमत वापरणारा मोजेल. तेव्हा मंडळी, जर्नलमध्ये तापमान लिहाल तेव्हा तापवण्याचा वेग, नमुन्याचं वजन आणि वायू हेही शेजारी लिहा. त्याशिवाय तो आकडा अर्धाच!