छप्पर उघडण्याआधी: परवडणाऱ्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कार



गाड्यांच्या या मालिकेत आतापर्यंत आपण फोर बाय फोर, डिझेल इंजिन आणि डोंगरातलं ड्रायव्हिंग यांवर बोललो. आजचा विषय जरा शौकिनांचा आहे. दोन सीट, उघडणारं छप्पर आणि मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यातली किंमत, अशा स्पोर्ट्स कार.

विषय घ्यायला दोन प्रश्न कारण झाले. पहिला माझ्या पुतण्याचा. तो इंग्लंडमध्ये नोकरी करतो. त्याने विचारलं, "काका, दुसऱ्या हाताची छोटी कन्व्हर्टिबल घ्यायची आहे, कुठली घेऊ?" दुसरा प्रश्न इंदूरच्या एका मराठी तरुणाचा. त्याच्याकडे वडिलांची जुनी हॅचबॅक आहे. एक गॅरेजवाला म्हणतो, छप्पर कापून कन्व्हर्टिबल करून देतो. "सर, करू का?"

इंदूरच्या मुलाला उत्तर आधी देतो: करू नकोस. का, ते समजलं की पुतण्याचं उत्तरही आपोआप सापडतं.

बुटाचा खोका

घरात बुटाचा रिकामा खोका असेल तर हातात घ्या. झाकण लावून दोन टोकांना धरा आणि पिळायचा प्रयत्न करा. सहज पिळत नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. लगेच वाकडा होतो. पुठ्ठा तोच, खोका तोच, फक्त झाकण गेलं.

आजच्या बहुतेक मोटारी अशाच खोक्यासारख्या बांधलेल्या असतात. त्यांना वेगळी चासिस नसते. फरशी, दारांखालचे पट्टे, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा होतो आणि सगळा भार तोच वाहतो. याला मोनोकॉक म्हणतात. त्याचं छप्पर कापलं म्हणजे झाकण काढलं. मग खड्ड्यात एक चाक गेलं की सगळी गाडी पिळते. दारं नीट लागत नाहीत, काच तडकते, चाकांची अलाइनमेंट टिकत नाही. आणि गाडी उलटली तर डोक्यावर काहीच उरत नाही.

"सर, तुमच्या फौजेतल्या जीप तर उघड्याच असायच्या!" हा पुढचा प्रश्न ठरलेला. जबलपूरच्या कारखान्यात बनलेली जोंगा मी चालवली आहे, जिप्सीही चालवली आहे. दोन्हींवर कापडी टप असायचा. पण त्या गाड्यांचा भार खालची लोखंडी चासिस वाहते. वरची बॉडी नुसती बोल्टांनी बसवलेली असते. टप काढला तरी खालची शिडी तशीच राहते. हॅचबॅकला ती शिडीच नाही.

कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा नोंदणीतली माहिती वेगळी पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. छप्पर कापलेल्या गाडीला अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट त्या छपराकडेच दाखवणार. गॅरेजवाला त्या वेळी सोबत नसतो.

कंपन्या कन्व्हर्टिबल बनवतात तेव्हा दारांखालचे पट्टे जाड करतात, फरशीखाली आडवे पट्टे घालतात, पुढच्या काचेची चौकट मजबूत करतात, सीटच्या मागे कमानी बसवतात. साध्या मोटारीवरून कन्व्हर्टिबल काढली तर या डागडुजीनेच वजन वाढतं. सुरुवातीपासून छपराविनाच आखलेली गाडी मात्र हलकी राहू शकते. परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचं सगळं गणित या हलकेपणात आहे.

इंग्रजांनी सुरू केलं, जपान्यांनी पुढे नेलं

दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडच्या अ‍ॅबिंग्डन गावातून एमजी कंपनीची टीसी ही छोटी उघडी गाडी निघू लागली. १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या बनल्या. त्यातल्या बऱ्याच अमेरिकेत गेल्या, तेही उजव्या स्टिअरिंगसकट. मग १९६२ मध्ये एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर आल्या, इटलीतून १९६६ मध्ये फियाट १२४ स्पायडर आणि अल्फा रोमिओ स्पायडर आल्या. इंजिन, गिअर, ब्रेक यातलं बरंचसं कंपनीच्या साध्या मोटारींमधून घेतलेलं, म्हणून किंमत आवाक्यात. एमजीबी १९८० पर्यंत चालली आणि बंद छपराच्या जीटीसह पाच लाखांहून जास्त बनली.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत धूर आणि बंपरचे नियम कडक झाले. एमजीबीला जाड काळे रबरी बंपर लावले, गाडी जमिनीपासून उंच केली आणि तिचं वळणं घेणं बिघडलं. रचना जुनी होत गेली, सुधारायला पैसा नव्हता. १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. शौक शिल्लक होता, पण गाडीच नव्हती.

ही रिकामी जागा बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराच्या लक्षात आली. माझदा कंपनीचे संशोधनप्रमुख केनिची यामामोटो यांच्यापुढे त्याने कल्पना मांडली: जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी साधी, हलकी, उघडी गाडी बनवा, पण ती रोज सकाळी सुरू झाली पाहिजे. पुढे हॉल माझदातच रुजू झाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती गाडी उभी राहिली, माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. तिथली सुरुवातीची किंमत होती १३,८०० डॉलर.

इंजिन फक्त १.६ लिटरचं, ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती. आकडे पाहून कोणी चकित होणार नाही. पण वजन साडेनऊशे किलोच्या आसपास होतं आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मं निम्मं वाटलेलं. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरेन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची कैची, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी उत्तर देते.

माझदाने या गाडीसाठी 'जिनबा इत्ताई' हा शब्द वापरला, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. मला तो लगेच पटला. डेहराडूनला अकादमीत घोडेस्वारी शिकवताना उस्ताद ओरडायचे, "लगाम खेचू नका, घोड्याशी बोला!" चांगली छोटी स्पोर्ट्स कार तशीच असते. पुतण्याकडे गेलो असताना त्याच्या मित्राची एमएक्स-५ वेल्सच्या वळणदार रस्त्यांवर तासभर चालवली. वेग साठ-सत्तरच्या पुढे फारसा गेला नाही. तरी प्रत्येक वळण हाताला आणि पाठीला कळत होतं. मोठ्या, ताकदवान गाडीत हे कळायला दुप्पट वेग लागतो, आणि तो वेग सार्वजनिक रस्त्यावर करण्यासारखा नसतो.

२००० मध्ये ५ लाख ३१ हजारांहून जास्त गाड्यांसह एमएक्स-५ ची जगात सर्वाधिक खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. चौथी पिढी २०१५ पासून बाजारात आहे आणि तिचंही वजन एक टनाच्या आसपासच ठेवलं आहे. हे सोपं नाही. पंचवीस वर्षांत बाकीच्या मोटारी फुगत गेल्या, ही जागची हलली नाही.

बाकीच्या गाड्या कशा?

एमएक्स-५ चालली म्हटल्यावर बाकीचेही उतरले. इंजिन कुठे ठेवलं त्यावरून त्यांचे तीन गट करतो, म्हणजे लक्षात राहील.

इंजिन पुढे, ताकद मागे: बीएमडब्ल्यू झेड३ याच घराण्यातली. ही अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यात बनली. चार सिलिंडरची झेड३ दिसायला रुबाबदार, आतून आरामशीर, पण एमएक्स-५ इतकी चपळ नाही, आणि सुट्या भागांचे दर बीएमडब्ल्यूचेच. होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जायचं. अप्रतिम गाडी, पण आज तिच्या किमती संग्राहकांनी वर नेल्या आहेत. २०१६ ची फियाट १२४ स्पायडर म्हणजे हिरोशिमात माझदाच्याच सांगाड्यावर बनलेली, फियाटचं १.४ लिटर टर्बो इंजिन घातलेली गाडी.

इंजिन मध्ये, सीटच्या मागे: १९९५ ची एमजीएफ आणि १९९९ ची टोयोटा एमआर-एस. वजन मधोमध असल्याने गाडी चटकन वळते. पण ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्यात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू फिरू शकते. टोयोटाचं वजन एक टनाच्या आसपास, पण सामानाला जागा जवळजवळ नाहीच. दोघांनी दोन दिवस जायचं तर कपडे पिशवीत कोंबायचे. एमजीएफ स्वस्त मिळते, पण तिच्या के-सिरीज इंजिनाचं हेड गॅस्केट ही जगजाहीर दुखरी जागा आहे. ते बदलल्याची पावती पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

इंजिन पुढे, ताकदही पुढे: फियाट बार्केटा, १९९५ ते २००५. पुंतो हॅचबॅकच्या भागांवर उभी केलेली देखणी गाडी. स्टिअरिंग मात्र फक्त डावीकडे. इंग्लंडमध्ये किंवा आपल्याकडे ते गैरसोयीचंच.

जपानच्या 'केई' वर्गाचाही उल्लेख हवा. लांबी ३.४ मीटरच्या आत, इंजिन ६६० सीसीपर्यंत, ताकद ६४ अश्वशक्तीपर्यंत. या चौकटीत दाइहात्सू कोपेन आणि होंडा एस६६० बसवल्या आहेत. गल्लीबोळातून फिरायला मजेदार. मात्र सहा फुटी माणसाने आधी बसून पाहावं.

पुतण्याला दिलेली यादी

पुतण्याला मी एमएक्स-५ च सुचवली. कारण भावनिक नाही. गाड्या भरपूर विकल्या गेल्यामुळे सुटे भाग मिळतात, मेकॅनिकला ती माहीत आहे आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळतं. पण गाडी पाहायला जाताना करायची कामं लिहून दिली. कुठल्याही जुन्या कन्व्हर्टिबलला ती लागू आहेत.

एक, गंज. छपराच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला नळ्या असतात. त्या पानं-कचऱ्याने तुंबल्या की पाणी दारांखालच्या पट्ट्यात साचतं आणि आतून गंज चढतो. वरचा रंग चकचकीत दिसतो. म्हणून गाडी वर उचलून, मागच्या चाकापुढचा पट्टा खालून पाहायचा. छपराविना गाडीची ताकद त्याच पट्ट्यात असते, हे विसरायचं नाही.

दोन, सीटमागचा गालिचा उचलून हात लावायचा. ओलसर लागला तर टप गळतो.

तीन, टप स्वतः दोनदा उघडायचा आणि लावायचा. पहिल्या एमएक्स-५ ची मागची काच प्लास्टिकची आहे. तिची चेन उघडल्याशिवाय टप खाली केला की ती चिरते.

चार, टप उघडून खराब रस्त्यावरून हळू जायचं. आरसा आणि डॅशबोर्ड थोडे थरथरतील, ते चालतं. दारं किरकिरू लागली किंवा त्यांची फट कमी-जास्त झालेली दिसली तर गाडी सोडून द्यायची.

पाच, स्वतःचे गुडघे आणि पाठ. या गाड्यांत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं. माझ्या वयाच्या मंडळींनी पाच वेळा आत-बाहेर करून पाहावं.

आणि भारतात?

माझदा भारतात गाड्या विकत नाही. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि आयातीचा बोजा गाडीच्या किमतीइतका किंवा त्याहून जास्त होतो. तेव्हा परवडणारी हा शब्द तिथेच संपतो. एमजीच्याच नावाची दोन सीटची सायबरस्टर २०२५ मध्ये इथे आली. पण ती विजेवर चालणारी, पाचशेहून जास्त अश्वशक्तीची, सुमारे ७५ लाखांची आणि दोन टनांच्या घरातली. चांगली असेल, पण आपला आजचा विषय ती नाही.

आपल्याकडेही एक प्रामाणिक प्रयत्न झाला होता, तोही गोव्यात. सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'सॅन स्टॉर्म' ही दोन सीटची उघडी गाडी काढली. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन, सुमारे ६० अश्वशक्ती. कल्पना बरोबर होती: हलकी बॉडी आणि तयार इंजिन. एमजीनेही तेच केलं होतं. पण दोन सीटच्या गाडीला तेव्हा आपल्या घरात जागा नव्हती. पहिली गाडी आई-वडील, मुलं आणि सामान यांच्यासाठीच असायची. थोड्याच गाड्या रस्त्यावर आल्या. आज एखादी दिसली तर फायबर गंजत नाही ही जमेची बाजू, सुटे भाग शोधणं ही खर्चाची.

इंदूरच्या मित्राला मी एवढंच सुचवलं. डोक्यावर आभाळ हवं असेल तर कंपनीने कापडी टप देऊन नोंदवलेली जुनी जिप्सी किंवा २०२० नंतरची सॉफ्ट टप थार दुसऱ्या हाताने बघ. दोन्हींना खाली चासिस आहे, कागद साफ असतात. स्पोर्ट्स कारसारख्या त्या वळणार नाहीत, हे खरं. पण वडिलांची हॅचबॅक शाबूत राहील आणि तूही. त्याचा परवा निरोप आला, गॅरेजवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम त्याने परत मागितली आहे.

पुढच्या भागात जुनी गाडी घेताना कागदपत्रं कशी तपासायची ते पाहू. तोवर सीटबेल्ट लावा, वेग आवरा.

जय हिंद.