गाडीची झिलई : वेळ आणि मोल

पावसाळा सरून महिना लोटला, की डिचोली तालुक्यातील मुळगावच्या रस्त्यांवर तांबडी धूळ उडू लागते. ही जांभ्या दगडाची माती होय. तीत लोहाचा अंश भरपूर असतो. खनिज वाहून नेणारे ट्रक ज्या वाटेने जातात, तेथे तर तिचे थरच बसतात. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या आणि लिलावानंतर २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले. खाण चालू असो वा बंद, अंगणात उभी केलेली पांढरी गाडी सकाळी एका रंगाची आणि सायंकाळी दुसऱ्या रंगाची दिसते, हा येथील माणसाचा नित्याचा अनुभव आहे.

अशा वेळी घरधनी हाती लागेल ते कोरडे फडके घेतो आणि गाडी पुसून काढतो. नुकसानीस प्रारंभ होतो तो येथेच. या धुळीतील लोहखनिजाचे कण गाडीच्या रंगापेक्षा कठीण असतात. कोरड्या फडक्याखाली ते सापडले, म्हणजे काचकागदासारखे काम करतात. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक गोल रेषा चमकतात, त्या याच पुसण्याच्या खुणा होत.

या रेषा घालविण्यासाठी गाडी दुकानात नेली जाते. त्या कामाला आता सर्वत्र ‘डिटेलिंग’ म्हणतात. पण हे काम किती वेळाचे आणि किती मोलाचे, याविषयी गिऱ्हाइकाच्या मनात स्पष्ट कल्पना क्वचितच असते. एक दुकानदार दीड हजार सांगतो, दुसरा पंधरा हजार. दोघेही ‘संपूर्ण पॉलिश’ हाच शब्द वापरतात. मग निवड करावी कशी?

त्यासाठी प्रथम रंगाची रचना ध्यानात घ्यावी. पत्र्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप, असे हे थर असतात. हा पारदर्शक लेप साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वाचकाच्या हातातील वर्तमानपत्राचा कागदही त्याहून जाड भरेल. ओरखडा ‘काढणे’ म्हणजे तो भरून काढणे नव्हे; त्याच्या भोवतालचा लेप घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणणे होय. प्रत्येक घासणीत लेपाचा काही अंश कायमचा जातो. म्हणून घाईने आणि अजाण हाताने केलेले पॉलिश स्वस्तात मिळाले, तरी ते महागच पडते.

आता वेळेचा हिशेब पाहू. नुसती बाहेरची धुलाई नीट केली, तर पाऊण तास लागतो. आधी पाण्याच्या झोताने धूळ उतरवावी, मगच साबणाचा हात लावावा, हा तिचा नियम. आतून झाडणे, पुसणे धरून दीड ते दोन तास होतात. आसने, गालिचे, छताचे अस्तर यांची खोल सफाई चार ते सहा तासांची आहे. शिवाय वाळण्यास वेळ हवा. गोव्याच्या पावसाळ्यात हा मुद्दा महत्त्वाचा. ओली आसने तशीच बंद करून गाडी त्याच सायंकाळी परत दिली, तर आठवड्यात बुरशीचा वास येऊ लागतो. एका फेरीच्या यांत्रिक पॉलिशला धुलाईसह सहा ते आठ तास लागतात. जुनी, फार ओरखडलेली गाडी दोन-तीन दिवस घेते. सिरॅमिक लेप द्यावयाचा, तर आधी हे सारे करून नंतर लेप सुकण्यासाठी गाडी निदान रात्रभर छपराखाली ठेवावी लागते. या लेपामुळे धूळ कमी चिकटते व धुणे सोपे जाते. पण खडी उडून पडणारा चरा तो थांबवीत नाही.

वेळ कळली, की मोलाचा अंदाज घरबसल्या करता येतो. समजा, मजुरी, भाडे, वीज व पाणी धरून दुकानाला कामाचा एक तास २५० रुपयांना पडतो. आठ तासांच्या पॉलिशचे २,००० रुपये झाले. साहित्याचे ८०० मिळवले, एकूण २,८००. त्यावर वीस टक्के नफा धरला, की ३,३६०. दुकान वस्तू व सेवा करासाठी नोंदलेले असेल, तर अठरा टक्के कर मिळून सुमारे ३,९६५ रुपये होतात. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. पणजीतील भाडे निराळे, डिचोलीतील निराळे. परंतु रीत तीच राहते.

या रीतीने पाहिले, म्हणजे दीड हजारातील ‘संपूर्ण पॉलिश’ संशयास्पद ठरते. तेथे तास तरी कापलेले असतात, साहित्य तरी हलके असते, नाहीतर घासणाऱ्या पोराची मजुरी बुडवलेली असते. उलट पंधरा हजार मागणाऱ्यालाही विचारावे, की यात तास किती आणि ते कशाकशात जाणार? प्रामाणिक कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. तो गाडी उजेडात उभी करून दाखवतो, कोठे चरा जाईल आणि कोठे जाणार नाही हेही सांगतो. लेपाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र त्याच्यापाशी असेल, तर अधिकच उत्तम.

ज्याची गाडी हेच उपजीविकेचे साधन आहे, त्याने आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी. टॅक्सीवाल्याची गाडी दोन दिवस दुकानात राहिली, तर दोन दिवसांची मिळकतही खर्चात येते. अशाने दरवर्षी पॉलिश करण्याऐवजी वरचेवर नीट धुलाई करावी आणि आतील सफाई नेमाने ठेवावी, हे बरे. उतारू गाडीत बसतो तेव्हा त्याची नजर आसनाकडे जाते, बोनेटच्या चकाकीकडे नव्हे.

चवथ किंवा दसरा दोन दिवसांवर आला, की दुकानासमोर रांग लागते आणि आठ तासांचे काम तीन तासांत उरकले जाते. तेव्हा सणाच्या निदान पंधरा दिवस आधी गाडी द्यावी. काम, तास आणि रक्कम एका कागदावर लिहून घ्यावी. आणि घरी कोरडे फडके गाडीला लावू नये. एवढे पथ्य पाळले, तर मुळगावच्या धुळीतही गाडीचा रंग पुष्कळ वर्षे टिकेल.