कुंपण आणि शेत

मनाची तक्रार घेऊन जायचे कुणाकडे, हा प्रश्न आता अनेक घरांत येतो. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषधे लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, संवादातून उपचार करतो. त्याच्या नोंदणीची तरतूद १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे दिली. समुपदेशकाची पाटी मात्र वर्षानुवर्षे कुणीही लावू शकत होते. २०२१च्या कायद्याने समुपदेशनालाही नोंदणीच्या कक्षेत आणले.

हे कुंपण हवेच. अर्धवट शिकलेल्याच्या हाती कुणाचे मन सोपवायचे नाही. पण कुंपणानेच शेत खाल्ले तर?

एक उदाहरण पाहा. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत समलिंगी असणे हा मनोविकार मानला जाई. असे मानणारे भोंदू नव्हते. चांगले शिकलेले तज्ज्ञ होते. पण त्यांनी पाहिलेली समलिंगी माणसे बहुतेक दवाखान्यांतली किंवा तुरुंगातली. एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उपचार घेत नसलेले ३० समलिंगी पुरुष निवडले आणि वय, बुद्धी, शिक्षण यांत त्यांच्याशी जुळणारे ३० इतर पुरुष घेतले. सर्वांना शाईच्या डागांची चाचणी आणि आणखी काही चाचण्या दिल्या. मग नावे झाकून उत्तरे नामांकित परीक्षकांपुढे ठेवली. कोण समलिंगी, हे त्यांना ओळखता आले नाही. हे संशोधन १९५७ साली प्रसिद्ध झाले. तरी मनोविकारतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने आपल्या यादीतून हा ‘आजार’ वगळला तो १९७३ साली. आपल्याकडे तर समलिंगी व्यक्तीला ‘बदलण्याचे’ उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरले ते २०२२ मध्ये.

मधल्या काळात किती जणांनी स्वतःला रोगी समजून दिवस काढले असतील! ज्ञान हाच ज्याचा मान, त्याला ‘आपले चुकले’ म्हणणे जड जाते. शिवाय दाराशी येतो तो दुःखी माणूसच. त्यावरून साऱ्या समाजाचे निदान करण्याचा मोह सुटत नाही.

म्हणून नोंदणी आहे का, हे जरूर विचारावे. पण तेवढ्यावर थांबू नये. माझ्यावर काय उपचार करणार, कशासाठी, आणि उपयोग झाला नाही तर पुढे काय, हेही विचारावे. खरा जाणकार या प्रश्नांनी रागावत नाही. तो उत्तर देतो आणि जिथे ठाऊक नाही तिथे तसे सांगतो.